आधी मधली धार

प्रकाशा गावात केदारेश्वराच्या घाटावर मे महिन्यातली दुपार. पायऱ्यांचा दगड चटका देण्याइतका तापलेला. सुटीत गावी आलेली पुतणी पुण्यात चिनी शिकते. तिनं तापीत बोट बुडवलं आणि पायरीवर ‘पाणी’ हे अक्षर काढलं. चारच रेघा. मधोमध उभी धार, तिला खाली डावीकडे वळलेला आकडा. मग डावीकडची घडी, मग उजवीकडून आत उतरणारी तिरकी रेघ आणि शेवटी बाहेर पसरणारी. मीही काढलं, पण हाताच्या सवयीनं डावीकडून सुरुवात केली. अक्षर चांगलं उतरलं होतं. ती म्हणाली, “काका, आधी मधली धार. काठ नंतर.”

काढून झाल्यावर सारखंच दिसतं, मग क्रमाचा एवढा आग्रह कशाला, असं मला वाटलं. तिनं नियम सांगितले. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आडवी आधी आणि उभी मागून. चौकटीचं अक्षर असेल तर आतल्याला आधी आत घ्यायचं, दार मग लावायचं. तिकडच्या मुलांना हे असंच शिकवतात. घाईच्या लिखाणात रेघा एकमेकींत मिसळतात आणि कोणती रेघ कोणत्या रेघेत शिरली हे क्रमावरच ठरतं. म्हणजे ज्याचा हात चुकीच्या वाटेनं गेलेला आहे, त्याला दुसऱ्याचं भराभर लिहिलेलं पत्र वाचणंही जड जातं. बरं, हा क्रम सगळीकडे एकच आहे असंही नाही. ‘उजवा’ हे अक्षर चीनमध्ये आडव्या रेघेनं सुरू होतं, जपानमध्ये तिरक्या रेघेनं. ज्याच्या त्याच्या गुरुजींचा हात.

आपल्याकडेही हे होतंच. बाळबोधीत अक्षर आधी आणि डोक्यावरची रेघ मागून. मोडी लिहिणारे कारकून मात्र कागदावर आधी या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ ओढून घेत आणि मग तिला अक्षरं लटकवत जात. एकच भाषा, पण हाताला दोन वळणं. वळण हा शब्द आपण अक्षरासाठी वापरतो आणि मुलासाठीही, याचं मला फार अप्रूप वाटतं. गिरवताना वडीलधाऱ्याचा हात आपल्या हातावर असायचा. आकार पाटीवर दिसायचाच. तो हात द्यायचा ती वाट.

पुतणीच्या रेघा बघताना मला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवले. ते 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तेव्हा त्यांना अठ्ठाविसावं वर्ष चालू होतं. पथकातल्या पाचही डॉक्टरांच्या चिनी नावांच्या शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडलं गेलं. त्याचा अर्थ चीन. कोटणीस तिथली भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. युद्ध चालू, जखमींची रीघ लागलेली, आणि त्यातून वेळ काढून हा सर्जन पहिलीतल्या मुलासारखा रेघा गिरवत असेल. क्रमाची किंमत त्यांना समजावून सांगावी लागली नसेल. जखम भरून आल्यावर कोणता टाका आधी घातला हे कुणाला दिसतं? 1942 च्या ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव ‘यिनहुआ’: पहिलं अक्षर भारताचं, दुसरं चीनचं. त्याच वर्षी 9 डिसेंबरला कोटणीस गेले. मूल चार महिन्यांचंही झालं नव्हतं. त्या मुलाचं नाव लिहायचं तरी भारत आधी येतो, चीन नंतर, हे माझ्या मनातून जात नाही.

पुतणीनं मग ‘चिरंतन’ हे अक्षर काढलं. पाण्याचाच भाऊबंद, वर एक ठिपका. कुंचल्याचे आठ मूळ फटकारे या एका अक्षरात येतात म्हणून तिकडे पिढ्यान्‌पिढ्या त्यावर हात बसवतात. जुन्या चिनी कोशकारानं त्याच्या आकारात लांबवर वाहत जाणाऱ्या पाण्याचे प्रवाह पाहिले. गोमाई जिथं तापीला मिळते तिथं बसून ते बघताना मला काही बोलावंसं वाटेना.

“आता ‘पाणी’ परत काढा,” ती म्हणाली, “तुमच्याच पद्धतीनं. मी शेजारी माझं काढते. आणि नुसतं बघत बसा.”

दोन्ही अक्षरं अगदी सारखी दिसत होती. मग दगडानं पाणी ओढायला सुरुवात केली. तिच्या अक्षरातली मधली धार आधी विरली, दोन्ही काठ क्षणभर ओले राहिले. माझ्या अक्षरातला डावा काठ आधी गेला.

मी पुन्हा नदीत बोट बुडवलं.