आनंदपूरचा सुधारित अंदाज

आनंदाची तारीख आगाऊ ठरविता येते काय, आणि ठरविलीच तर त्या तारखेला आनंदी होण्याचे कर्तव्य कोणावर येते, हा प्रश्न वरकरणी रिकामटेकडा वाटतो. आम्हांलाही तो २०२५ च्या एप्रिलपर्यंत तसाच वाटत असे. त्या महिन्यात अमेरिकेतील एका करमणूक-नगरीत आमच्या साडेपाच वर्षांच्या नातवाने आम्हांला एक वाक्य ऐकविले, आणि प्रश्न एकदम खरा झाला. त्याचा विचार वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आपल्या मंडळाच्या वाचकांची घरे बहुधा आमच्या घरासारखीच आहेत. पूर्वज होळकरांच्या काळी देशावरून माळव्यात आले आणि इंदूरचेच झाले. आता पुढची पिढी सातासमुद्रापलीकडे स्थिरावते आहे. आमचा मुलगा न्यू जर्सीत असतो. मे २०२४ मध्ये त्याने आम्हांला एक तक्ता पाठविला. पुढील एप्रिलमध्ये आम्ही उभयतां तिकडे जाणार होतो. तेव्हा मुलगा, सूनबाई, दोन्ही नातवंडे आणि आम्ही अशा सहा जणांनी फ्लोरिडातील ऑर्लँडोजवळच्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये पाच दिवस घालवावयाचे, असा बेत होता. तक्त्यात दिवस, वेळ, ठिकाण, खर्च आणि शेरा असे रकाने होते. अडतीस वर्षे राज्य शासनाच्या कोषालयांत काढलेल्या माणसाला असा तक्ता पाहून काय समाधान वाटले असेल, ते सांगावयास नको. धाकट्या नातवाच्या नावापुढील शेऱ्यात 'उंची ४४ इंच (अपेक्षित)' असे लिहिले होते. त्या कंसाकडे आमचे तेव्हा लक्ष गेले नाही.

अकरा महिने आधी इतका खटाटोप कशासाठी, असे आमच्या सौ.नी विचारले. त्याचे उत्तर त्या ठिकाणाच्या व्यवस्थेतच आहे. तेथे एकमेकांपासून दूर अशी चार मोठी उद्याने आहेत. एका दिवसात एक पाहून झाले तरी पुष्कळ. प्रवेशाचे दर तारखेप्रमाणे बदलतात आणि शाळांच्या सुट्टीत चढतात. आम्ही गेलो त्या वर्षी नावाजलेल्या उपाहारगृहांतील जागा साठ दिवस आधी राखता येत असे. मोठ्या रांगा टाळावयाच्या तर 'लाइटनिंग लेन' नावाची जादा पैशांची सोय होती. तिची वेळ त्या उद्यानाच्याच हॉटेलांत उतरणाऱ्यांना सात दिवस आधी आणि इतरांना तीन दिवस आधी निवडता येई. जो उशिरा जागा होतो, त्याच्या वाट्याला ऊन आणि रांग.

अशा नियोजनाची थट्टा करणे सोपे आहे. "आमच्या वेळी आम्ही वळकटी उचलली की निघालो," असे आमच्या वयाची माणसे अभिमानाने सांगतात. वस्तुतः ते खरे नसते. वळकटी आपण उचलली असेल. पण दशम्या कोणी आदल्या रात्री केल्या होत्या, शेजारी किल्ली कोणी ठेवली होती, नातेवाइकांना पत्रे कोणी टाकली होती, हे आठवून पाहावे. नियोजन तेव्हाही होतेच. ते घरातील बायका करीत आणि त्याचा तक्ता नसे, एवढाच फरक. फार कशाला, ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांचे मुक्काम तिथीवार ठरलेले असतात, दिंड्यांचे क्रम ठरलेले असतात. म्हणून वारीतील भक्ती उणी ठरत नाही. उलट, आज कोठे थांबावयाचे ही चिंता नसल्यामुळेच वारकऱ्याचे मन नामाला मोकळे राहते.

शिवाय अव्यवस्थेचा जाच सर्वांना सारखा होत नाही. तरण्याताठ्या माणसाला दोन तास उभे राहणे म्हणजे कंटाळा. गुडघे गेलेल्या आजीला आणि भुकेल्या मुलाला तो छळ असतो. आमच्या सौ.साठी चाकांची खुर्ची कोठे मिळेल, दुपारी सावलीत बसण्याची जागा कोणती, शाकाहारी जेवण कोठे आहे, हे सारे मुलाने आधी पाहून ठेवले होते. दूरदृष्टी ही अनेकदा करुणेचेच एक रूप असते, असे आमचे मत आहे, आणि पुढे जे घडले त्यानंतरही ते बदललेले नाही.

थोरल्या नातीची गोष्ट तर याहून बोलकी आहे. तिने आपल्या खोलीत एक दिनदर्शिका लावली होती आणि रोज एक दिवस खोडीत होती. दर रविवारी दूरध्वनीवरून ती आम्हांला पुढील एखाद्या स्थळाची माहिती देई. पाच दिवसांची सहल तिने अकरा महिने भोगली. वाट पाहणे हाही सुखाचा भाग आहे, आणि ते सुख आगाऊ तारीख ठरल्याखेरीज मिळत नाही.

आता आनंदपूरची हकीकत. १९९८ साली सुरू झालेल्या 'अ‍ॅनिमल किंगडम' या उद्यानात आशिया खंडाचा एक विभाग आहे. तेथे आनंदपूर नावाचे एक काल्पनिक राज्य वसविले आहे. मोडकळीस आलेला राजवाडा, त्याच्या परिसरात खरे वाघ, रंग उडालेल्या भिंती, जुन्या पाट्या, असा सारा थाट आहे. धार आणि मांडू पाहिलेल्या माणसाला ते पाहून हसू येते आणि थोडे भरूनही येते. आनंदाला पूर म्हणजे नगर जोडून तेथे प्रवेशाची वेळ ठरवून द्यावी, ही कल्पना आमच्यासारख्या माजी अधिकाऱ्याला मनापासून पटली. याच विभागात 'एक्स्पिडिशन एव्हरेस्ट' नावाची, हिमालयाच्या कृत्रिम शिखरातून धडधडत जाणारी गाडी २००६ पासून आहे. तिच्यात बसण्यास किमान ४४ इंच उंची लागते.

धाकटा साडेत्रेचाळीस भरला. मुलाने वर्षभरापूर्वी त्याची उंची मोजून, मुले या वयात वर्षाला साधारण किती वाढतात ते पाहून, ४४ चा अंदाज बांधला होता. अंदाज अर्ध्या इंचाने चुकला. पोराने टाचा उचलून पाहिल्या. तेथील मुलीने हसून, पण ठामपणे, त्याच्या खांद्याला हात लावून टाचा खाली टेकविल्या. नियम योग्यच होता, कारण तो त्याच्या सुरक्षिततेसाठी होता. लहान मूल बाहेर राहिले तर एका पालकाने त्याच्यापाशी थांबावे आणि नंतर पुन्हा रांग न लावता आत जावे, अशीही सोय तेथे आहे. तथापि मूल सोयीने समजत नाही. ते मोठ्याने रडू लागले. त्याचा बाप तक्त्याकडे आणि घड्याळाकडे पाहू लागला. आणि आम्ही, ज्यांनी एक पैसाही खर्च केला नव्हता, बोलून गेलो, "बाबाने वर्षभर एवढे केले, इतके पैसे भरले, आणि तू रडतोस?"

पोर रडायचे थांबले. आमच्याकडे पाहून आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "आजोबा, सॉरी. मी वाढलो नाही."

आमच्या सौ. खुर्चीतून आमच्याकडे नुसत्या पाहत होत्या. त्या काही बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

एका मुलाने, ठरल्याप्रमाणे वाढलो नाही म्हणून, क्षमा मागितली. दोष कोठे होता? तक्ता करण्यात नव्हता. अंदाज चुकण्यातही नव्हता. शासनाचे अंदाजही चुकतात. अर्थसंकल्पात मूळ अंदाजाशेजारी 'सुधारित अंदाज' असा स्वतंत्र रकाना असतो, तो याचसाठी. वर्षाच्या मध्यावर वस्तुस्थिती पाहून आकडे बदलावेत आणि एका बाबीचा पैसा दुसरीकडे वळवावा, ही तरतूद नियमांतच आहे. ज्या अधिकाऱ्याने शेकडो सुधारित अंदाजांवर सह्या केल्या, त्याला आपल्या नातवासाठी तो रकाना सुचला नाही.

दोष होता तो नोंद चुकीच्या बाजूला करण्यात. योजना आखणे हे एक वचन आहे, आणि वचन देणाऱ्याला बांधते, घेणाऱ्याला नाही. मुलाने आपल्या लेकरांसाठी तिकिटे, जागा आणि वेळा राखल्या, ते त्याचे देणे होते आणि त्याने ते चोख फेडले. आम्ही मात्र ते देणे येण्याच्या बाजूला मांडले आणि नातवाकडून आनंदाची वसुली करू लागलो. गीतेने कर्माच्या फळावरील अधिकार सोडावयास सांगितला, हे आपण सारे जाणतो. येथे तर फळ आपल्या झाडाला लागतच नाही. ते दुसऱ्याच्या मनात लागावयाचे असते. त्यावर आपला अधिकार सांगणे ही दुहेरी चूक आहे.

यावर कोणी म्हणेल, की मग कृतज्ञता म्हणून काही उरतेच की नाही? केलेल्या कष्टांची जाणीव मुलांना नको काय? जरूर हवी. परंतु कृतज्ञता आणि आनंद या भिन्न गोष्टी आहेत. कृतज्ञता शिकविता येते. आनंद शिकविता येत नाही. रडणाऱ्या मुलाला कष्टांचा हिशेब दाखविला तर त्याच्या मनात कृतज्ञता उपजत नाही, अपराध उपजतो. त्या दिवशी तो आम्ही डोळ्यांनी पाहिला.

त्या रात्री हॉटेलात सर्व निजल्यावर आम्ही मुलाजवळ खेद व्यक्त केला आणि, उपदेशाची सवय जात नाही म्हणून, जोडून म्हणालो, की इतके काटेकोर असू नये. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बाबा, तुम्हाला एस्सेल वर्ल्ड आठवते का?"

आठवत होते. मुंबईजवळ गोराई येथे १९८९ साली ते उद्यान सुरू झाले तेव्हा तो सहा वर्षांचा होता. दूरदर्शनवर जाहिरात लागली की घर डोक्यावर घेई. इंदूरहून मुंबई म्हणजे एका रात्रीचा प्रवास. दादरला आमची बहीणही राहत होती. आम्ही म्हणालो, "मार्च अखेर होऊ दे, मग बघू." मार्चनंतर लेखापरीक्षण निघाले, मग बदली, मग निवडणुका, मग पुन्हा मार्च. सहा वर्षांनी त्याने विचारणे सोडले. आम्ही खोटे कधीच बोललो नाही. दर वेळी जावयाचे मनात होते. फक्त तारीख दिली नाही.

"मला राग नव्हता," तो म्हणाला. "मला एक तारीख हवी होती, एवढेच."

तेव्हा त्या तक्त्यातील काटेकोरपणा कोठून आला, ते कळले. ज्याला लहानपणी 'बघू' मिळाले, तो बाप झाल्यावर अकरा महिने आधी वेळ आणि मिनिटे लिहून देतो. आमच्या न दिलेल्या तारखेचे व्याजच तो आपल्या मुलांना देत होता, आणि ते व्याज धाकट्याला अर्ध्या इंचाने जड गेले. म्हणून नियोजनाला नावे ठेवण्याचा अधिकार निदान आम्हांला नाही. योजना न करणारा माणूस मोकळ्या मनाचा असतो असे नव्हे. पुष्कळदा तो केवळ दुसऱ्याला ताटकळत ठेवणारा असतो.

ज्या नगरीत हे घडले तिचा इतिहासही हेच सांगतो. वॉल्ट डिस्ने यांचे कॅलिफोर्नियातील पहिले उद्यान १७ जुलै १९५५ रोजी उघडले, तेव्हा नव्या डांबरात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतल्या आणि पाण्याचे नळ पुरेसे चालू नव्हते. त्या अनुभवाने शहाणे होऊन त्यांनी फ्लोरिडात वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी, गाजावाजा न करता, सुमारे २७ हजार एकर जमीन घेतली आणि नोव्हेंबर १९६५ मध्ये बेत जाहीर केला. पुढील वर्षी, १५ डिसेंबर १९६६ रोजी, ते वारले. सत्तरी ओलांडलेले त्यांचे वडील बंधू रॉय यांनी आपली निवृत्ती लांबणीवर टाकून काम पुरे केले आणि नगरीच्या नावात भावाचे पहिले नाव घालविले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी दारे उघडली. २० डिसेंबरला रॉय यांनीही जगाचा निरोप घेतला. एवढ्या आगाऊ योजनेचा कर्ता तिचे फळ पाहावयासही उरला नाही. आखणाऱ्याचे काम दार उघडून देण्याचे. आत गेलेल्याने हसावे की रडावे, हे त्याच्या हाती नसते.

आमच्या चुकीची भरपाई झाली असे म्हणवत नाही. दुसऱ्या दिवशी धाकटा नेहमीसारखा खेळला. मुले लवकर विसरतात असे सूनबाई म्हणाल्या. पण त्याच्या बापाने एस्सेल वर्ल्ड तीन तपे लक्षात ठेवले, हे आम्ही त्यांना सांगितले नाही.

येत्या डिसेंबरात ती मंडळी इंदूरला येणार आहेत. या वेळी तक्ता आम्ही केला आणि आठ महिने आधी पाठविला. महेश्वर, मांडू, सराफ्यातील रात्र, सर्वांच्या तारखा त्यात पक्क्या लिहिल्या आहेत, आणि त्या पाळण्याची जबाबदारी आमची आहे. शेवटी मूळ अंदाजाशेजारी सुधारित अंदाजाचा रकाना आखला आहे. तो कोरा आहे. तो भरण्याचा अधिकार धाकट्याकडे राहील, असा शेरा मारून आम्ही खाली सही केली आहे.