पहिल्या आव्याचे ऋण

उन्हाळा तोंडावर आला म्हणजे सौंसर आणि पांढुर्ण्याच्या बाजारांत माठ, घागरी आणि रांजण मांडलेले दिसू लागतात. घरची बाई त्यांतला एक माठ उचलते, बोटाच्या पेराने वाजविते आणि क्षणभर कान देऊन ऐकते. खणखणीत वाजला तर घेते, बद्द वाजला तर मुकाट्याने परत ठेवते. २०२३ साली पांढुर्णा हा छिंदवाड्यापासून निराळा जिल्हा झाला. जिल्हा बदलला, परंतु माठ पारखण्याची ही रीत काही बदलली नाही. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या मस्तकांवर थापटणे मारून कच्चे-पक्के ठरविले, अशी जी कथा आम्ही बालपणापासून ऐकत आलो, तिचेच हे घरगुती रूप होय.

आता कोणी म्हणेल की, हा माठ ज्या आव्यात भाजला गेला, तो आवाच आधी संगणकावर रचून पाहता येतो. ही गोष्ट खरी आहे, आणि तिच्यातून जो प्रश्न उत्पन्न होतो तो आम्हांस केवळ शास्त्राचा वाटत नाही.

प्रथम ही क्रिया समजून घेऊ. उघड्या आव्यात मडकी आणि गोवऱ्या, लाकूड किंवा पऱ्हाट्या एकत्र रचून वरून राख-मातीचे आच्छादन देतात. मध्यभागी आच प्रखर, कडेला मंद. त्यामुळे एकाच आव्यातली काही भांडी पुरती भाजतात, काही कच्ची राहतात, काही तडकतात. मातीतले ओलावलेले पाणी १०० अंश सेल्सियसच्या आसपास वाफ होऊन निघते; तेथे घाई झाली तर वाफच भांडे फोडते. मातीच्या कणांत बांधलेले पाणी त्यापुढे, साधारणतः ४५० ते ६०० अंशांच्या दरम्यान, सुटते. ५७३ अंशांवर वाळूचे कण आपली अंतर्गत रचना बदलून एकाएकी फुगतात, आणि निवताना त्याच ठिकाणी पुन्हा आकसतात. आवा लवकर उघडू नये असे जुनी माणसे बजावीत, त्याचे एक कारण हेच. त्यांस ५७३ हा आकडा ठाऊक नव्हता. परिणाम मात्र पुरता ठाऊक होता.

संगणक काय करितो? तो भट्टीच्या पोटातील पोकळीचे लक्षावधी लहान खण पाडतो आणि प्रत्येक खणाचा जमाखर्च मांडतो. किती वायू आला, किती गेला. किती उष्णता मिळाली, किती भिंतीने खाल्ली, किती मडक्याने घेतली. महिनाअखेरीस वाण्याची वही जुळवावी, तसाच हा व्यवहार आहे. फरक इतकाच की येथे वह्या लाखो असून शेजारच्या वहीशी प्रत्येकीचा मेळ बसावा लागतो. त्यामागची सूत्रे नवी नाहीत. उष्णतेच्या वहनाचे गणित फूरिये यांनी १८२२ साली ग्रंथरूपाने मांडले. प्रवाहांचे गणित नाव्हिए यांनी त्याच वर्षी आरंभिले आणि स्टोक्स यांनी १८४५ साली पुढे नेले. ते सोडविण्याचे बळ मात्र अलीकडचे. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत आमच्या वऱ्हाडचे सुपुत्र डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध झाला, तेव्हा असली गणिते मोठ्या संस्थांचीच मिरासदारी होती. आज त्यांतली पुष्कळशी मेजावरच्या यंत्रावर होतात.

या योगे धुराडे हातभर वाढविले तर ओढ किती वाढेल, जाळ छतापर्यंत चढवून मडक्यांमधून खाली ओढून घेतला तर आच सारखी होईल काय, हे एकही वीट न फोडता पाहता येते. ओढ कमी पडली तर धूर कोंडतो. फाजील झाली तर उष्णता आकाशाला अर्पण होते. सरपण वाचते, फुटतूट घटते, आणि आव्याजवळ राबणाऱ्या कुटुंबाच्या डोळ्यांत जाणारा धूरही कमी होतो. हा शेवटचा लाभ आम्ही सर्वांत मोठा मानतो. परंपरेच्या अभिमानाने जे धुराची स्तुती करितात, ते बहुधा त्या अंगणात राहत नाहीत.

म्हणून यंत्राच्या गणिताला अधर्म्य म्हणण्यास आम्ही तयार नाही. विदर्भातच, भद्रावती येथे, कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ साली ग्रामोदय संघ स्थापून कुंभारकामाला शास्त्राची जोड देण्याचा उद्योग आरंभिला होता. शास्त्र आणि चाक यांचे वैर नाही.

परंतु गणिताला जे सांगावे तेवढेच ते जाणते. सरपण किती ओले, भिंतीत फटी किती, त्या दिवशी वारा कोठून वाहतो, हे सारे अंदाजाने भरावे लागते. शिवाय भांडे कशासाठी हवे, हेही त्यास सांगावे लागते. माठातले पाणी थंड होते ते त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरून वाफ होते म्हणून. एक किलो पाणी असे उडून जाताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. अधिक आच म्हणजे अधिक उत्तम, असे धरून माती फार भाजली तर छिद्रे मिटतात. माठ दगडासारखा टणक होतो आणि पाणी कोमटच राहते. आकड्यांच्या दृष्टीने निर्दोष, आणि घराच्या दृष्टीने निरुपयोगी!

येथे गोरोबाकाकांची दुसरी कथा आठवते. नामस्मरणात तल्लीन होऊन चिखल तुडविताना पायाखाली पोटचे मूल आले, तेही त्यांस कळले नाही. तेथे पांडुरंगाने मूल परत दिले. त्यांची तल्लीनता ईश्वराची होती. आकड्यांत तल्लीन झालेल्या मनुष्याच्या पायाखाली काय आले, हे त्याने स्वतःच खाली वाकून पाहिले पाहिजे. त्याच्यासाठी कोणी धावून येणार नाही.

कारण पहिला आवा चुकू शकतो. समजा, एखाद्या अभियंत्याने काढलेल्या आकृतीप्रमाणे कुंभाराने नवी भट्टी बांधली, आणि पहिल्याच भाजणीत निम्मी भांडी तडकली. अभियंत्याला त्यातून ज्ञान मिळते. तो आकडे सुधारतो आणि त्या चुकीतून शिकतो. कुंभाराच्या मात्र अक्षय्य तृतीयेच्या घागरी गेल्या. त्या सणाला पितरांच्या नावे पाण्याने भरलेली घागर देतात; तो दिवस टळला की ती मागणी वर्षभर पुन्हा येत नाही. एकाच्या वहीत जे ‘प्रयोग’ म्हणून जमा होते, तेच दुसऱ्याच्या घरी ‘उपास’ म्हणून खर्ची पडते. शास्त्र खोटे नसतानाही येथे अन्याय घडतो, आणि तो कोणाच्या ध्यानीही येत नाही.

आमचे मत असे की, जो भट्टीची आकृती देतो त्याने पहिल्या दोन-तीन भाजण्यांचे नुकसान आधीच अंगावर घ्यावे, आणि तसे कागदावर लिहून द्यावे. स्वतः आव्यापाशी रात्र काढावी. भट्टीच्या तळाशी, मध्ये आणि माथ्याशी मोजणीच्या शंकू ठेवावेत. सेगर यांनी १८८६ साली बनविलेले हे मातीचे शंकू ठराविक आच पोहोचली की मान टाकतात, आणि संगणकाचे म्हणणे कोठे चुकले ते तत्काळ दाखवितात. भट्टी निवल्यावर भांडी बाहेर काढताना कुंभारणीनेच ती वाजवून पाहावीत, आणि बद्द वाजलेल्यांची किंमत तेथल्या तेथे त्या घरात मोजली जावी.