इच्छा कोणाची, दोष कोणाचा?

मनुष्य आपल्या कृतीचा कर्ता आहे कीं नाहीं, हा वाद आपल्या दर्शनांइतकाच जुना आहे. मेंदूच्या शास्त्रानें त्यांत एक नवा साक्षीदार उभा केला आहे; त्याची जबानी ऐकून घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

मेंदूच्या बाह्य स्तरांतील संदेश आंत ‘स्ट्रायटम’ नांवाच्या भागांत येतात. कोणती कृति करावी, कोणती टाळावी, या निवडींत त्या भागाचा मोठा वांटा असतो. आमच्या शिरूरकडे घोडचें व दौंडकडे मुठेचें पाणी कालव्यानें येतें. पण कोणत्या शेतांत तें किती शिरावें, हें चारीवरील दारांवर ठरतें. येथें संदेश म्हणजे पाणी, आणि डोपामीन हें द्रव्य म्हणजे दारें हलविणारा पाटकरी. ढोबळ मानानें, डी-१ जातीचे ग्राही असलेल्या पेशींचें दार तें अधिक उघडतें. डी-२ असलेल्यांचें आवळतें. पहिल्या पेशी कृतीस वाट देतात, दुसऱ्या तिला आवर घालतात. म्हणून दोन्हीकडून डोपामीनचा कल कृतीकडेच होतो.

कंपवातांत हें द्रव्य आटतें, हें १९६० सालीं एरिंगर व हॉर्निकीविच यांनीं दाखविलें. इच्छा असते, पण पाऊल उचलत नाहीं. उलटपक्षीं, डोपामीनचें काम करणारीं कांहीं औषधें घेतल्यावर थोड्या रुग्णांस जुगाराचा अनावर नाद लागतो, आणि वैद्यानें औषध कमी केल्यावर तो बहुधा ओसरतो. जन्मभर पै-पैचा हिशेब ठेवणारा गृहस्थ अशा वेळीं घर गहाण टाकूं लागला, तर त्यास दुर्वर्तनी म्हणावें काय?

आमच्या मतें म्हणूं नये. परंतु ‘सर्व मेंदूच करितो’ असें म्हणून हात झटकणेंही योग्य नव्हे; घर तर बुडतेंच. औषध देतांना धोका सांगणें हें वैद्याचें, तो घरच्यांस कळविणें व पैशाचा व्यवहार आधींच त्यांच्या हातीं सोंपविणें हें रुग्णाचें, आणि संशय येतांच संकोच न करितां बोलणें हें घरच्यांचें कर्तव्य होय. मोहाच्या क्षणीं जें बळ उरणार नाहीं, तें शांत चित्त असतांनाच व्यवस्थेंत सांठवावें. जबाबदारीची खरी जागा तीच.

आणि ज्याचीं दारें आपोआप नीट चालतात, त्यानें तें सर्वस्वीं आपलेंच पुण्य समजूं नये.