उरलेल्या लाकडाचा पाऊस

चिंचवडला मोरया गोसावींच्या मंदिराजवळ, पवनेच्या काठी थोडं टेका. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की नदी मंदिरात शिरते, म्हणून वरच्या पायरीवरच बसा. घाई नको. हॉर्न, सुटलेल्या शिफ्टच्या बसगाड्या, सगळं ऐकू येऊ द्या. श्वास त्याच्या चालीनं चालू दे.

आता लाकडी ठशांनी छापलेलं एक जपानी चित्र डोळ्यांपुढे आणा. १८५७ साल. एदो, म्हणजे आजचं टोकियो. चित्रकार हिरोशिगेनं सुमिदा नदीवरचा लाकडी पूल दाखवलाय आणि अचानक सर कोसळलीय. कुणी छत्रीखाली अंग चोरतंय, कुणी डोक्यावर चटई धरून निघालंय. पलीकडचा काठ करड्या रंगात विरलाय. खाली नदीत एक माणूस एकटाच ओंडक्यांचा तराफा रेटतोय. त्याच्यापाशी जरा थांबा. त्याला आडोसा नाही, आणि तो थांबलेलाही नाही.

मग नुसता पाऊस बघा. बारीक काळ्या रेघा, दोन ठशांतून उमटलेल्या, एकमेकींना किंचित तिरक्या. चित्र हिरोशिगेचं, ठसे कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. कोरणाऱ्यानं रेघेला हात लावला नाही, तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढून टाकलं. भोसरी-पिंपरीच्या टूलरूममध्ये डाय घडवणाऱ्यांना यातली जोखीम सांगायला नको. हत्यार जरा घसरलं की रेघ गेली. हा सगळा पाऊस उरलेल्या लाकडाचा आहे.

आणि लाकूड रानचेरीचं. जपानी चित्रांत पाइन म्हणजे दीर्घायुष्य, थंडी सरायच्या आत फुलणारा प्लम म्हणजे चिकाटी, आणि चेरीचा बहर म्हणजे सरता क्षण; थोड्याच दिवसांत पाकळ्या गळून जातात. मला यातली चेरीच भिडते. तिचं फूल टिकत नाही, पण लाकूड इतकं घट्ट, की केसाएवढी रेघही शेकडो छापे सोसते. निसटती सर धरून ठेवायला ती माणसं याच झाडाकडे गेली. एवढंच मनात धरून थोडा वेळ बसा. आपल्याकडे उन्हाळ्यात बहावा पिवळाधमक लोंबतो, तेव्हा सगळ्यांचे डोळे फुलांवर असतात. त्याच्या खोडाला कधी हात लावलाय? लावून बघा.

शेवटी नजर चित्राच्या वरच्या कडेला न्या. तिथला काळा ढग कोरलेला नाही. छापणारा दर कागदाच्या वेळी ठशावर रंग लावून, हातानं ओढत तो गडदाचा फिका करायचा. म्हणून त्याच ठशांतून निघालेल्या दोन प्रतींतही आभाळ तंतोतंत सारखं नसतं.