शुक्ती, रजत आणि सागराचे रत्न

बंगळूर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर, भारतीय द्वीपकल्पातील अतिप्राचीन खडकांवर वसलेले आहे, आणि लालबागेतील ज्या खडकाळ टेकडीवर केंपेगौडांच्या नावाचा बुरूज उभा आहे तिचे वय सुमारे तीनशे कोटी वर्षे मानले जाते. अशा शहरात सागराची कल्पना मनात धरून एखादा कारागीर हाताने दागिना घडवू लागतो, तेव्हा कोणते रत्न निवडावे हा प्रश्न वरवर केवळ रंगाचा वाटतो. वस्तुतः साम्य, सत्य आणि जीव या तिन्ही बाबतींत निर्णय घेतल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

सागराचा भास देणारी रत्ने दोन प्रकारची असतात. मोती, पोवळे आणि शिंपल्याचा चमकदार अस्तर-थर ही समुद्रातील जीवांनी घडवलेली द्रव्ये होत. दुसरीकडे, पाचूच्याच कुळातील फिकट निळे ॲक्वामरीन, दुधी प्रभेचा चंद्रकांत, फिरोजा आणि डोमिनिकन प्रजासत्ताकातील लारिमार हे खनिज, ही सर्व भूमीच्या पोटातून निघालेली असून समुद्राशी त्यांचे नाते केवळ दिसण्याचे आहे. ज्याचा जन्म समुद्रात झाला ते रत्न अधिक खरे, असे मानण्याकडे मनाचा सहज कल होतो. पण उत्पत्तीवरून सत्यता ठरवणे पुरेसे आहे काय, याचा विचार भारतीय तत्त्वज्ञांनी योगायोगाने शिंपल्याच्याच उदाहरणावर केलेला आहे.

ते उदाहरण म्हणजे शुक्तिरजत: उन्हात चकाकणारी शिंप पाहून ‘ही चांदी आहे’ असे वाटणे. मराठी वाचकाला ते ज्ञानदेवांच्या ग्रंथांतून परिचित आहे. शंकराचार्यांनी अध्यासाची, म्हणजे एका वस्तूवर दुसऱ्या वस्तूचा आरोप होण्याची, चर्चा करताना हाच दृष्टान्त घेतला, आणि त्यांच्या परंपरेने असे ठरवले की ती चांदी सत् नव्हे, कारण शिंप ओळखू येताच ती नाहीशी होते, आणि असत्ही नव्हे, कारण ती दिसली होती. म्हणून ती अनिर्वचनीय. रामानुजाचार्यांनी मात्र पंचमहाभूतांच्या मिश्रणामुळे शिंपेत चांदीचाही अंश असतोच, तेव्हा दिसले ते काही अंशी खरेच होते, असे म्हटले, तर मध्वाचार्यांच्या मते समोरची शिंप पूर्ण सत्य आणि तिच्यावर दिसलेली चांदी पूर्ण असत्. बंगळुरात या चर्चेचे पाठ अजून जिवंत आहेत: शंकरपुरात शृंगेरीचा शंकर मठ आहे आणि विश्वेशतीर्थांनी १९५६ मध्ये स्थापिलेले, माध्व परंपरेचे पूर्णप्रज्ञ विद्यापीठही याच शहरात आहे, तर रामानुजांच्या दीर्घ निवासाने पावन मानले गेलेले मेलुकोटे येथून काही तासांच्या वाटेवर आहे.

या मतभेदांखाली जी एक समान कसोटी आहे तिला बाध म्हणतात. बाध म्हणजे नंतरच्या ज्ञानाने आधीचे ज्ञान रद्द होणे. रत्ननिवडीला हीच कसोटी लावावी. चांदीच्या कोंदणात बसवलेला शिंपल्याचा तुकडा ‘शिंपला’ म्हणून दिला गेला, तर त्याचे खरे रूप कळल्याने काहीच रद्द होत नाही. उलट अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास जाडीच्या असंख्य चुनखडी पापुद्र्यांवरून परतणाऱ्या प्रकाशामुळे ते रंग उमटतात, हे कळल्यावर त्याचे सौंदर्य वाढते. ॲक्वामरीन समुद्रातले नाही हे कळल्यानेही त्याच्या निळाईला बाध येत नाही. परंतु पांढऱ्या हाउलाइटला रंग देऊन फिरोजा म्हणून विकले, किंवा दुधी काच चंद्रकांत म्हणून दिली, तर भिंगाखाली छिद्राच्या कडेला आणि भेगांत साचलेला रंग, अथवा काचेतील हवेचा बुडबुडा दिसताक्षणी तो दागिना ग्राहकाच्या हातात शुक्तिरजत होतो. येथे दोष साम्याचा नाही. नाव लपवण्याचा आहे.

रत्न सत्याच्या कसोटीला उतरले तरी जीवाचा प्रश्न उरतो, आणि तो अधिक कठीण आहे. चिकपेटेत आदिनाथाचे जैन मंदिर आहे, आणि त्याच परिसरात सोन्याचांदीच्या व रत्नांच्या पेढ्या आहेत. जैन जीवविचारात शंख आणि कवडी यांतील प्राण्यांना द्वींद्रिय, म्हणजे स्पर्श आणि रस ही दोन इंद्रिये असलेले जीव मानले आहे, आणि पोवळ्याची गणना स्फटिकादी रत्नांबरोबर पृथ्वीकायांत, म्हणजे पृथ्वी हेच ज्यांचे शरीर अशा एकेंद्रिय जीवांत केली आहे. आधुनिक जीवशास्त्राने पोवळे हा लहान प्राण्यांच्या वसाहतीने रचलेला सांगाडा आहे असे दाखवून त्याला प्राणिसृष्टीत नेले, तेव्हा जैन वर्गीकरण त्याच्याशी जुळले नाही तरी त्यामागील सावधगिरी अधिकच योग्य ठरली. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये खडक रचणारी प्रवाळे, काळी प्रवाळे आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. मंगळासाठी धारण केले जाणारे भूमध्य समुद्रातील तांबडे पोवळे जाडीने वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाही, हे घेणाऱ्याला सांगितले पाहिजे. मोत्याची गोष्ट थोडी वेगळी: संवर्धित मोती मनुष्य शिंपल्यात बीज ठेवून मिळवतो, तूतिकोरीन येथे १९७३ मध्ये भारतानेही ते साधले, पण मोती काढताना शिंपल्याचा जीव बहुधा जातोच.

यावर परंपरेत मार्ग आहे. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात प्रतिनिधीचा, म्हणजे विहित द्रव्य न मिळाल्यास त्याच्या जागी घ्यावयाच्या द्रव्याचा विचार केला आहे; तांदूळ नसेल तर त्याच्याशी अधिकात अधिक साम्य असलेले नीवार हे रानधान्य घ्यावे, असा तो नियम. ज्योतिषातही मोत्याचे उपरत्न म्हणून चंद्रकांत उघडपणे सांगितला जातो, आणि त्यात कोणाची फसवणूक होत नाही. मात्र मीमांसकांनी त्याच प्रकरणात आणखी एक अट घातली आहे, ती अशी की जे द्रव्य यज्ञात निषिद्ध ठरले आहे ते कितीही सदृश असले, तरी प्रतिनिधी म्हणूनही घेता येत नाही. संरक्षित प्रवाळाचा तुकडा सागराच्या रूपाला सर्वांत जवळचा आहे, ही सबब या अटीपुढे टिकत नाही. तेथे कारागिराने ॲक्वामरीन किंवा चंद्रकांत घ्यावा आणि त्याच नावाने तो द्यावा.