घुबडाचा कान आणि आपला कान

शास्त्रपाठ : स्तोत्र ९४, वचनें ५ ते ९



खानदेशांतील एका लहान मंडळींत गेल्या हिवाळ्यांत घडलेली गोष्ट आरंभीं सांगतों. गांवाचें नांव सांगत नाहीं. पुष्कळांना ती आपल्याच गांवची वाटेल. एका ख्रिस्ती घरीं लेंकराला ताप भरला होता. दोन रात्री शेजारच्या वृद्ध विधवा बहिणीच्या छपरावर घुबड येऊन बसलें आणि चिरक्या आवाजांत ओरडलें. तिसऱ्या रात्रीं मी त्या घरीं प्रार्थनेस गेलों असतां तें पुन्हा ओरडलें. लेंकराचा बाप प्रार्थना सोडून दगड घेऊन बाहेर धांवला. आणि खरें तें सांगतों, गुडघे टेकलेल्या माझ्याहि अंगावर कांटा उभा राहिला. सकाळीं लेंकराला इस्पितळांत नेलें, औषधपाणी झालें, व देवाच्या कृपेनें तें बरें झालें. ताप उतरला, पण कुजबूज उतरली नाहीं. "तें तिच्याच छपरावर कां बसलें?" असें एकीनें दुसरीला विचारलें. पुढच्या रविवारीं उपासनेंत त्या बहिणीच्या शेजारीं कोणी बसलें नाहीं. त्यानंतरच्या रविवारीं ती आलीच नाहीं. 'डाकीण' हा शब्द कोणी मोठ्यानें उच्चारला नाहीं, तरी तो सर्वांनीं ऐकला होता. आणि ज्याचें काम बोलण्याचें, तो मी पाळक गप्प राहिलों.

म्हणून आज घुबडाविषयीं बोलणें मला भाग आहे. ईयोबाच्या पुस्तकाचा १२ वा अध्याय आपणांस पशुपक्ष्यांपाशीं जाऊन शिकावयास सांगतो. त्याप्रमाणें आपण आज या पांखरालाच विचारूं.

प्रथम आपला शास्त्रपाठ पाहा. स्तोत्रकर्ता येथें कोणाशीं बोलत आहे? जे विधवेला, परक्याला व पोरक्याला चिरडतात आणि देव कोठें पाहतो आहे असें मनांत म्हणतात, त्यांच्याशीं. त्यांना तो उलट प्रश्न करितो कीं, ज्यानें कान बसविला व डोळा घडविला, तो स्वतः बहिरा व आंधळा असेल काय? हा युक्तिवाद नीट समजावयाचा तर देवानें घडविलेला एखादा कान व एखादा डोळा जवळून पाहिला पाहिजे. तो आपणांस घुबडापाशीं सांपडतो.

आपल्या शेतांत, पडक्या वाड्यांत व देवळांच्या शिखरांत राहणारें जें पांढुरक्या तोंडाचें गव्हाणी घुबड, त्याचें तोंड सुपासारखें पसरट असतें. त्या तोंडाभोंवतालचीं ताठ पिसें आवाज गोळा करून कानांकडे लोटतात. त्याचे दोन्ही कान एका पातळीवर नसतात. डाव्या कानाचें भोंक किंचित् वर असून त्याचा रोख खालीं असतो. उजव्याचें किंचित् खालीं असून त्याचा रोख वर असतो. त्यामुळें जमिनीकडून आलेला आवाज डाव्या कानास मोठा लागतो व वरून आलेला उजव्यास. तसेंच आवाज उजवीकडून आला तर तो उजव्या कानास आधीं पोहोंचतो, डाव्यास मागाहून. हें अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असतें, पण घुबडाचा मेंदू तेवढेंहि मोजतो. वर कीं खालीं हें आवाजाच्या लहानमोठेपणावरून, व उजवीकडे कीं डावीकडे हें आवाजाच्या वेळेवरून, अशा दोन वाटांनीं बातमी मेंदूंत येते आणि तेथें एक होते.

१९७८ सालीं अमेरिकेंत एरिक नुडसेन व मासाकाझु कोनिशी या दोन शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें कीं, गव्हाणी घुबडाच्या मेंदूंत आवाजाच्या जागांचा नकाशाच असतो. तलाठ्याच्या दप्तरांतील नकाशावर जसा प्रत्येक शेताचा गट वेगळा मांडलेला असतो, तसा तेथील एकेक मज्जापेशीचा समूह आपआपल्या दिशेच्या आवाजालाच जागा होतो. दुसऱ्या दिशेच्या आवाजाला तो उठत नाहीं.

त्याआधीं रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञानें गव्हाणी घुबड एका ठार अंधाऱ्या खोलींत ठेवलें व जमिनीवर वाळलेलीं पानें पसरलीं. पानांत उंदीर हालला कीं घुबड त्यावर अचूक झडप घाली. मग उंदराऐवजीं कागदाचा बोळा दोरीनें पानांवरून ओढला. घुबडानें बोळाच पकडला. तें वासावर गेलें नव्हतें, केवळ आवाजावर गेलें होतें. पण एका कानांत कापूस घातला तेव्हां त्याची झडप चुकली.

त्याचे डोळेहि असेच योजनेनें घडविले आहेत. ते वाटोळे नसून नळीसारखे लांबट असतात आणि खोबणींत घट्ट बसलेले असतात, म्हणून ते फिरत नाहींत. त्याची भरपाई देवानें मानेंत केली आहे. आपल्या मानेंत सात मणके. घुबडाच्या मानेंत चौदा. त्यामुळें तें डोकें वर्तुळाच्या पाऊण भागापर्यंत वळवूं शकतें. आणि पंखांच्या पुढच्या कडेला फणीच्या दात्यांसारखी झालर, मागच्या कडेला मऊ झालर व वर मखमलीसारखी लव. यामुळें तें उडतांना आवाज जवळजवळ होतच नाहीं. उंदराला तें ऐकूं येत नाहीं, आणि स्वतःच्या पंखांच्या आवाजानें त्याचें ऐकणेंहि बिघडत नाहीं.

आतां सांगा, हें पांखरूं रात्रीं आपल्या छपरावर कशास येतें? मरणाची बातमी घेऊन कीं उंदीर घेऊन जाण्यास? पवित्र शास्त्रांत लेवीय ११ मध्यें घुबड खाऊं नये असें सांगितलें आहे. तें मरण आणतें असें एका ओळींतहि सांगितलेलें नाहीं. उलट १०२ व्या स्तोत्रांतील दुःखी भक्त आपल्या एकटेपणाची तुलना ओसाड जागीं बसलेल्या घुबडाशीं करितो. शकुन पाहण्याची मनाई मात्र अनुवाद १८ मध्यें स्पष्ट आहे. मग हें भय आलें कोठून? तुम्ही म्हणाल, "पाळकसाहेब, आम्हीं अनुभव घेतला आहे. घुबड ओरडलें आणि माणूस गेलें." बंधूंनो, विचार करा. ज्या घरीं माणूस अत्यवस्थ असतें त्या घरीं रात्रभर दिवा जळतो व सर्व जागे असतात. म्हणून त्या रात्रीचें ओरडणें ऐकूं येतें. इतर शंभर रात्रीं तें असेंच ओरडतें, पण आपण झोंपलेले असतों. जी रात्र मरणाची ठरली ती लक्षांत राहते, व ज्या रात्रीं कांहींच झालें नाहीं त्या आपण विसरतों.

त्या कापसाच्या बोळ्याची मला फार आठवण होते. आपण रविवारीं एका कानानें प्रभूचें वचन ऐकतों. पण दुसऱ्या कानांत जुन्या भयाचा कापूस तसाच राहतो. मग आपली झडप चुकते. आजाराला शत्रु मानावयाचें तें पांखराला मानतों, आणि पांखरावर फेंकलेला दगड शेजारणीला लागतो.

तुम्ही म्हणाल, हें भय आईच्या दुधाबरोबर आलें, तें जाणार कसें? याचेंहि उत्तर घुबडानेंच दिलें आहे. नुडसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घुबडाच्या पिलांच्या डोळ्यांवर असे लोलक बसविले कीं, त्यांना सर्व जग एका बाजूस सरकलेलें दिसावें. कांहीं आठवड्यांनीं पिलांच्या मेंदूंतील आवाजाचा नकाशाहि तितकाच सरकला. डोळ्यांनीं चुकीचें शिकविलें व कान तेंच शिकले! आईबापहो, तुम्हीं लेंकरांना घुबडाचें, मांजराचें, शेजारणीच्या नजरेचें भय दाखवितां, तेव्हां त्यांच्या डोळ्यांवर तुम्हीं असेच तिरपे लोलक बसवीत असतां. पुढें खऱ्या देवाचा आवाज आला तरी तो कोणीकडून आला हें त्यांना कळत नाहीं. मोठ्या घुबडांना तसे लोलक लावले तर त्यांचा नकाशा फारसा हालत नसे. परंतु २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें दिसलें कीं, बदल एकदम न करितां थोडाथोडा करीत गेल्यास मोठें घुबडहि पुष्कळ शिकतें. उपदेशक बंधूंनो, हें आपणांसाठीं आहे. साठ वर्षांच्या म्हाताऱ्याचें भय एका प्रवचनानें जाणार नाहीं. त्याच्यावर रागावूं नका व त्याला हंसूं नका. थोडें थोडें शिकवा, आणि पुन्हा पुन्हा जा.

आपल्या खानदेशाचें आणखी एक पांखरूं मला साक्षीस बोलवावयाचें आहे. रानपिंगळा नांवाचें लहान घुबड १८७२ सालीं प्रथम शास्त्रज्ञांच्या हातीं आलें, व ह्यूम साहेबांनीं १८७३ सालीं त्याचें वर्णन केलें. आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशींहि त्याचे नमुने मिळाले. परंतु १८८४ नंतर त्याचा खरा दाखला कोणास मिळेना, आणि तो नष्ट झाला असें पुष्कळांना वाटूं लागलें. नोव्हेंबर १९९७ मध्यें पामेला रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट यांना तो शहाद्याजवळ, भर दिवसा, पर्णहीन झाडावर बसलेला दिसला. शहादें तेव्हां धुळें जिल्ह्यांत होतें. १९९८ पासून तें नंदुरबार जिल्ह्यांत आहे. पुढें जळगांव जिल्ह्यांतील यावल अभयारण्यांतहि तो आढळला. एकशें तेरा वर्षें तो मनुष्यांच्या वहींत नव्हता. पण मत्तयाच्या १० व्या अध्यायांत प्रभूनें ज्या पित्याविषयीं सांगितलें, ज्याच्या नकळत एक चिमणीहि पडत नाहीं, त्याच्या नजरेंतून तो एक दिवसहि सुटला नव्हता.

मग जी बहीण आमच्या हजेरींतून नाहींशी झाली, ती त्याच्या नजरेंतून सुटली असेल काय?

शेवटीं एका दुपारीं मी तिच्या घरीं गेलों. तिनें घोंगडी टाकली, पाणी दिलें, आणि विचारलें, "पाळकसाहेब, तुम्हीबी भ्यालात का?" मीं म्हटलें, "होय बाई, भ्यालों." मग तिनें घरामागच्या कडब्याच्या गंजीकडे बोट दाखविलें आणि म्हणाली, "गंजीत उंदीर लई झालेत. त्यापायी येतं ते." मीं पुस्तकांतून जें शिकलों तें तिला न शिकतां ठाऊक होतें. आम्हीं दोघांनीं प्रार्थना केली. ती अजून उपासनेस आलेली नाहीं, आणि तिला दोष देण्यास मला तोंड नाहीं.

म्हणून माझी तुम्हांस विनंती अशी. घुबडाला दगड मारूं नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें त्याला मारणें गुन्हा आहेच, शिवाय आपलें धान्य राखणारा तो बिनपगारी राखणदार आहे. लेंकराला ताप आला तर छपराकडे न पाहतां दवाखान्याची वाट धरा व वाटेंत प्रार्थना करा. कोणा बाईला डाकीण ठरवून छळणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानें गुन्हा आहे. पण ज्याच्या मनांत तो शब्द आला त्यालाहि देवानें ऐकलें आहे हें विसरूं नका. आणि तुमच्या मंडळींत अशी एखादी जागा रिकामी असेल, तर येत्या प्रभुभोजनाच्या आधीं तिच्या दारीं जा. एकट्यानें जाऊं नका. ज्यांनीं कुजबूज केली त्यांनींच मिळून जा, आणि रविवारीं तिला मध्यें घेऊन बसा. पानाखालीं हाललेला उंदीर घुबडाला अंधारांत ऐकूं येतो. दाराआड रडणारी विधवा त्या घुबडाला घडविणाऱ्याला ऐकूं येत नसेल काय?

हे प्रभो, आमच्या कानांतील कापूस काढ. भयानें आम्हांला तिरपें पाहावयास शिकविलें, तें तूं थोडें थोडें सरळ कर. आम्हीं ज्यांना टाकिलें त्यांना तूं टाकिलें नाहींस. त्यांच्या दारापर्यंत जाण्यास आमचे पाय बळकट कर. येशूच्या नांवानें मागतों. आमेन.