नाइलाजाचे पुण्य

दिवाळी सरली की खानदेशात भरिताचे दिवस येतात. बामणोदकडची फिकट हिरवी, हातभर मापाची वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजली जातात, सोबत कळण्याची भाकरी असते आणि शहरातून आलेला पाहुणा पहिला घास घेऊन हमखास विचारतो, "याला खत-औषध मारलेले नाही ना?" या प्रश्नात यजमानाविषयी थोडा संशय असतो, आणि त्याच्या आजोबांविषयी अपार आदर! ते बिचारे कसे निर्मळ पिकवीत होते, असे आपण म्हणतो.

धुळ्याकडच्या एका वृद्ध शेतकऱ्यापाशी मी एकदा हे कौतुक बोलून दाखविले. आप्पा हसले. म्हणाले, "पैसाच नव्हता, भाऊ. असता तर बापानं चार पोती आणून टाकली असती."

हे उत्तर मला बरेच दिवस सलत राहिले. ज्याला दुसरी वाटच नव्हती, त्याच्या चालण्याला सन्मार्ग म्हणावे काय? कान्टसारखा तत्त्वज्ञ तर साफ सांगेल की, कर्तव्यबुद्धीने जे केले नाही त्याला नैतिक मोल नाही. मग उकिरड्यावर शेण साठविणारा, बांधावर कडुलिंब राखणारा, कपाशीत तुरीचे तास धरणारा तो सारा समाज केवळ नाइलाजाने सज्जन होता, असे मानावे लागेल.

पण बियाण्याची गोष्ट आठवली की हा हिशेब चुकतो. खळ्यावर दादरची चांगली कणसे निवडून, दाणे राखेत घोळवून मडक्यात ठेवण्याचे काम घरची बाई करी. दुष्काळाच्या साली कणगी रिकामी होई, पोरे उपाशी निजत, आणि ते मडके तिच्या डोळ्यांसमोर असे. नाइलाजाचे म्हणणे एकच असते: खाऊन टाक. जिने ते उघडले नाही, तिने निवड केली होती. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना अक्षर येत नव्हते. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली त्यांची गाणी छापून आली आणि पांढरपेशा महाराष्ट्र चकित झाला. माझ्या मते तो चकित व्हावा, हेच नवल आहे. पेरणी आणि भूक यांच्यामध्ये जन्म काढणाऱ्या बाईने विचार केला नसेल, असे आपण कोणत्या आधारावर धरून चाललो होतो?

पांझरेकाठची फड पद्धतही मला अशीच वाटते. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, आणि एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाणी कमी पडले की भिजणारे क्षेत्र सगळ्यांच्या विचाराने कमी करायचे. पाणी पाटकऱ्याने सोडायचे, मालकाने त्याला हात लावायचा नाही. इथली माणसे स्वभावाने उदार होती असे मुळीच नाही. (बांधावरून डोकी फुटलेली खानदेशानेही पाहिली आहेत.) पण हाव आवरण्याची सोय त्यांनी करून ठेवली होती. पुढे विहिरी वाढल्या, ज्याचे त्याचे पाणी झाले, आणि बरेच फड मोडले.

बियाण्याचेही तसेच. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क दिला. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली. ती बहुतेक संकरित; तिची सरकी राखून पेरली तर पुढचे पीक आईबापांसारखे येत नाही. म्हणजे हक्क हाती आला आणि मडक्याला काम उरले नाही. दरसाल पाकीट विकत घ्यायचे. त्याने बोंडअळीपासून काही वर्षे सुटका झाली हेही खरे. ज्याचे उभे पीक अळीने खाल्ले त्याला मी नावे ठेवणार नाही.

आता मोकळ्या मनाने निवड करायची तर ती शेतकऱ्यानेच का करावी, हा माझा खरा प्रश्न आहे. शेणखताला गुरे हवीत, निंदणीला माणसे हवीत, आणि सुरुवातीला उतारा घटला तर तो सोसायला गाठीला पैसा हवा. दोन-चार एकरांच्या धन्याने हे सगळे उचलावे आणि आपण फक्त चौकशी करावी!

आप्पा घरापुरती दादर अजून औषधावाचून काढतात. विकायच्या वांग्यावर मात्र फवारा मारतात. "हे बरे का?" असे मी विचारले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "डाग पडलेलं वांगं बाजारात कोणी हातात धरत नाही, भाऊ. ते घरी येतं. भरिताला तेच गोड लागतं."